सव्वाचार दिवसांचे वर्ष असलेला ग्रह

६ ऑक्टोबर १९९५ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात भरलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या एका परिषदेत जिनिव्हा विद्यापीठाचे प्राध्यापक मिशेल मायोर यांनी जाहीर केले की, त्यांनी व त्यांचे विद्यार्थी दिदिए केलोज यांनी मिळून सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह शोधला आहे. ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या निम्म्याच्या आसपास निघाले होते, म्हणजे तो चांगला भारदस्त ग्रह होता. परंतु ताऱ्याभोवतीची एक फेरी तो अवघ्या ४.२३ दिवसांत पूर्ण करत होता. सूर्यमालेतील सर्वांत चपळ ग्रह जो बुध, त्यालाही एका फेरीला ८८ दिवस लागतात, आणि खऱ्या गुरूला जवळजवळ १२ वर्षे लागतात. त्यामुळे ही घोषणा ऐकणाऱ्यांपुढे दोन प्रश्न एकदमच उभे राहिले. एवढा मोठा ग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ असू शकतो का, हा पहिला. आणि असू शकत असेल, तर तो आजवर कोणालाच कसा सापडला नाही, हा दुसरा. माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक उद्बोधक आहे, कारण त्याचे उत्तर दुर्बिणीच्या ताकदीपेक्षा दुर्बिणीमागच्या माणसांच्या गृहीतकांत दडलेले आहे.

ज्या ताऱ्याभोवती हा ग्रह फिरतो त्याचे नाव ५१ पेगासी. पूर्वाभाद्रपदा नक्षत्राचे दोन आणि उत्तराभाद्रपदाचे दोन अशा चार ताऱ्यांचा जो मोठा चौकोन ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी आपल्याकडे माथ्यावर येतो, तो महाश्व या तारकासमूहाचा ठळक भाग आहे. त्यातील पूर्वाभाद्रपदाच्या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या साधारण मध्यावर, पण चौकोनाच्या किंचित बाहेर पश्चिमेला, ५१ पेगासी आहे. त्याची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक) ५.५ असल्यामुळे शहराच्या उजेडात तो दिसणे शक्य नाही. मात्र अमावास्येच्या सुमारास, खऱ्या अर्थाने काळोख्या गावी, चांगली नजर असलेल्या माणसाला तो नुसत्या डोळ्यांनीही सापडतो, आणि साध्या द्विनेत्रीतून तर सहज दिसतो. अकोला आणि अमरावतीच्या आकाशात तो रोज जवळजवळ बरोबर माथ्यावरून जातो. त्याचे अंतर सुमारे ५० प्रकाशवर्षे आहे. वस्तुमान सूर्याच्या १.१ पट, रंग व तापमान सूर्याच्या जवळपास, वय सूर्यापेक्षा बहुधा थोडे जास्त. थोडक्यात, त्याच्यावर मुद्दाम नजर ठेवावी असे त्याच्यात वरकरणी काहीही नाही.

ग्रह मात्र दिसत नाही, कोणत्याही दुर्बिणीतून दिसत नाही. ग्रहाला स्वतःचा दृश्य प्रकाश जवळजवळ नसतो; ताऱ्याचा जो प्रकाश त्याच्यावर पडतो त्याचा काही अंश तो परत फेकतो, आणि तो अंश ताऱ्याच्या झगझगाटापुढे नगण्य असतो. शिवाय ५० प्रकाशवर्षांवरून पाहताना हा ग्रह आणि त्याचा तारा यांच्यामधले कोनीय अंतर एका अंशाच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतके भरते. एवढ्या सूक्ष्म अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दाखवून त्यांतला एक अतिशय अंधूक बिंदू टिपेल अशी दुर्बीण तेव्हा नव्हती आणि आजही नाही. म्हणून ग्रहाऐवजी ताऱ्याकडेच पाहायचे आणि ताऱ्याच्या वागण्यावरून ग्रहाचा अदमास घ्यायचा, असा आडवळणाचा मार्ग काढावा लागला.

हा मार्ग गुरुत्वाकर्षणाच्या एका साध्या गुणावर उभा आहे. तारा ग्रहाला ओढतो तसाच ग्रहही ताऱ्याला ओढतो, आणि त्यामुळे दोघेही त्यांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. धष्टपुष्ट बापाने लहान मुलीचे हात धरून तिच्याशी फुगडी घातली, तर मुलगी मोठ्या वर्तुळात भिरभिरते आणि बाप जागच्या जागी जरासा डुलतो; परंतु डुलतो हे नक्की. ताऱ्याचे हे डुलणे किती असेल, याचा हिशेब अवघड नाही. ५१ पेगासीचा ग्रह ताऱ्यापासून सुमारे ७८ लाख किलोमीटरवर आहे आणि ४.२३ दिवसांत एक फेरी मारतो, म्हणजे त्याचा कक्षेतला वेग सेकंदाला सुमारे १३५ किलोमीटर पडतो. तारा ग्रहाच्या सुमारे २,४०० पट जड आहे. म्हणून ताऱ्याचा वेग ग्रहाच्या वेगाच्या २,४०० व्या हिश्श्याइतका, म्हणजे सेकंदाला साधारण ५६ मीटर यायला हवा. ताशी २०० किलोमीटरच्या आसपासचा हा वेग रस्त्यावर फार वाटेल. पण सूर्याहून मोठ्या, उकळत्या वायूच्या गोळ्याचा एवढासा वेग ५० प्रकाशवर्षांवरून मोजायचा हे काम निराळेच आहे.

ते काम वर्णपटाच्या मदतीने होते. ताऱ्याचा प्रकाश रंगांत फाकवला की त्या रंगपट्ट्यावर हजारो बारीक काळ्या रेषा दिसतात. ताऱ्याच्या बाहेरच्या थरांतील लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम अशा मूलद्रव्यांच्या अणूंनी ठराविक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतल्यामुळे त्या उमटलेल्या असतात, आणि प्रत्येक रेषेची जागा प्रयोगशाळेतून आपल्याला आधीच ठाऊक असते. तारा आपल्याकडे येत असेल तर या सगळ्या रेषा निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. रेषा किती सरकली हे ताऱ्याच्या वेगाला प्रकाशाच्या वेगाने भागून कळते, आणि सेकंदाला ५६ मीटर या वेगासाठी ते सरकणे तरंगलांबीच्या एक कोटी भागांतले जेमतेम दोन भाग एवढेच असते.

मायोर आणि केलोज यांनी वापरलेल्या वर्णपटमापकाचे नाव होते एलोडी. दक्षिण फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या १.९३ मीटर व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीला तो जोडला होता. ही दुर्बीण तेव्हा जगातल्या मोठ्या दुर्बिणींत मोडत नव्हती. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे आयुकाची जी दुर्बीण आहे तिचा आरसा २ मीटरचा, म्हणजे तिच्याहून किंचित मोठाच आहे. करामत आरशात नव्हती, मोजणीच्या पद्धतीत होती. एलोडी स्वतः जेवढा तपशील वेगळा दाखवू शकत असे, त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी सरकणे मोजायचे होते. एका रेषेवरून हे कदापि साधले नसते. म्हणून हजारो रेषांच्या जागांचा एक साचा तयार करून तो साचा ताऱ्याच्या वर्णपटावर संगणकात मागेपुढे सरकवायचा, आणि तो कुठे सर्वांत चपखल बसतो ते पाहायचे, अशी युक्ती योजली होती. रेषा हजारो असल्यामुळे प्रत्येक रेषेतील लहानसहान चूक सरासरीत विरून जाते. ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीपासून वर्णपटमापकापर्यंत प्रकाशतंतूतून नेला जाई, आणि त्याच वेळी शेजारच्या दुसऱ्या तंतूतून थोरियमच्या दिव्याचा प्रकाश सोडला जाई. दिव्याच्या रेषा ताऱ्याबरोबर हलणाऱ्या नव्हत्या. त्या सरकल्या तर यंत्र सरकले असे समजायचे आणि तेवढी वजाबाकी करायची. एवढे झाल्यावर पृथ्वीची स्वतःची गतीही हिशेबातून काढावी लागे, कारण सूर्याभोवती आपण सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने धावत असतो आणि त्यापुढे ५६ मीटर म्हणजे काहीच नाही. या सगळ्या खटाटोपानंतर एलोडीची अचूकता सेकंदाला १३ मीटरच्या आसपास आली.

पृथ्वीची गती वजा करण्याचा मुद्दा किरकोळ वाटण्यासारखा असला, तरी तो किती जिव्हारी लागू शकतो हे खगोलशास्त्रज्ञांनी नुकतेच अनुभवले होते. १९९१ मध्ये इंग्लंडमधील अँड्र्यू लाइन यांच्या गटाने एका स्पंदताऱ्याभोवती सहा महिन्यांत फेरी मारणारा ग्रह सापडल्याचे प्रसिद्ध केले. पुढे त्यांच्याच लक्षात आले की पृथ्वीच्या कक्षेची दुरुस्ती नीट न झाल्यामुळे तो ग्रह केवळ आकडेमोडीत निर्माण झाला होता, आणि जानेवारी १९९२ मध्ये त्यांनी भर परिषदेत तो दावा मागे घेतला. त्याच सुमारास अलेक्झांडर वोल्श्चान आणि डेल फ्रेल यांनी दुसऱ्या एका स्पंदताऱ्याभोवतीचे ग्रह जाहीर केले आणि ते मात्र खरे ठरले. सूर्यमालेबाहेरचे पहिले निश्चित ग्रह तेच. परंतु स्पंदतारा म्हणजे स्फोट होऊन गेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, त्यामुळे सूर्यासारख्या जित्याजागत्या ताऱ्याचा प्रश्न तसाच राहिला.

खोट्या ठरलेल्या ग्रहांची परंपरा याहून बरीच जुनी आहे, आणि तिचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर दलातील कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब यांनी १८४० च्या दशकात पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारून जोडताऱ्यांचे वेध घेतले होते. नंतर ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले, आणि १८५५ मध्ये त्यांनी भुजंगधारी तारकासमूहातील ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याच्या कक्षेत काही विसंगती दाखवून, तिथे एखादा ग्रह असण्याचा बराच संभव आहे असे लिहिले. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाविषयी प्रत्यक्ष मोजमापांच्या आधारे केलेल्या अगदी सुरुवातीच्या दाव्यांपैकी हा एक. तो ग्रह काही निघाला नाही. आणि जेकब यांचे १८६२ मध्ये पुण्यातच निधन झाले. विसाव्या शतकात अमेरिकेतील पीटर व्हॅन द कॅम्प यांनी बर्नार्डच्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले, पण ताऱ्याच्या जागेत त्यांना दिसलेला फरक त्यांच्याच दुर्बिणीच्या भिंगात केलेल्या फेरबदलांशी जुळतो असे १९७३ च्या सुमारास दिसून आले. या पार्श्वभूमीवर ग्रहशोधनाच्या कामाला एक प्रकारची बदनामी चिकटली होती, आणि नवा दावा करणाऱ्याकडे संशयानेच पाहिले जाई.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे असा ग्रह आधी कोणालाच कसा सापडला नाही याकडे, वळू. डुलणाऱ्या ताऱ्याचा वेग मोजून ग्रह शोधता येईल ही कल्पना नवी नव्हती. ऑटो स्ट्रूव्ह या खगोलशास्त्रज्ञांनी १९५२ मध्येच एका छोट्या टिपणात हे मांडले होते, आणि गुरूसारखा ग्रह ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या पन्नासाव्या भागाइतक्या जवळ असायला काही हरकत दिसत नाही, असेही त्यांनी त्यात लिहिले होते. त्यांचे टिपण कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९८० च्या दशकात कॅनडाचे गॉर्डन वॉकर आणि ब्रूस कॅम्पबेल यांनी हायड्रोजन फ्लुओराइड या विषारी वायूची नळी प्रकाशाच्या वाटेत ठेवून त्या वायूच्या रेषांच्या आधाराने वेग मोजण्याची पद्धत बसवली, हवाई बेटावरील दुर्बिणीतून २१ ताऱ्यांवर १२ वर्षे नजर ठेवली, आणि ५१ पेगासीच्या घोषणेच्या अगदी तोंडावर, १९९५ मध्येच, गुरूसारखा एकही ग्रह न सापडल्याचे प्रसिद्ध केले. कॅलिफोर्नियातील जेफ मार्सी आणि पॉल बटलर यांनी आयोडिनची नळी वापरून याहून सरस अचूकता गाठली होती आणि त्यांच्याकडे अनेक वर्षांचे वेध साठले होते. परंतु त्यांतल्या बहुतेकांची आकडेमोड अद्याप झालेली नव्हती, कारण संगणकाचा वेळ कमी पडत होता आणि घाई करण्याचे कारणही कोणाला दिसत नव्हते.

घाई का करावी? सर्वांच्या डोळ्यांपुढे सूर्यमालेचा नमुना होता. तिथे गुरू १२ वर्षांनी एक फेरी पुरी करतो आणि सूर्याला सेकंदाला साधारण १२.५ मीटर वेगाने डुलवतो. तेव्हा दुसऱ्या ताऱ्याचा गुरू शोधायचा तर दहाबारा वर्षे वेध घेतच राहिले पाहिजेत, असे सारे धरून चालले होते. त्यामागे सिद्धान्तही होता. मोठे ग्रह बर्फाच्या भरघोस साठ्यातून घडतात, आणि बर्फ ताऱ्यापासून दूरच टिकतो, म्हणून मोठे ग्रह दूरच असणार. हे तर्कशास्त्र चुकीचे नव्हते, अपुरे होते. मायोर यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र अनुकूल होती. त्यांचे आयुष्य जोडताऱ्यांचा अभ्यास करण्यात गेले होते, आणि जोडताऱ्यांचा कक्षाकाळ काही दिवसांपासून शेकडो वर्षांपर्यंत काहीही असू शकतो; त्यामुळे अमुकच कालावधी शोधायचा असे बंधन त्यांच्या कार्यक्रमात नव्हते. शिवाय एलोडीची रचनाच अशी होती की वेध घेऊन झाल्यावर काही मिनिटांत ताऱ्याचा वेग पडद्यावर येई. आज मोजलेला आकडा परवाच्या आकड्याशी जुळत नाही, हे तिथल्या तिथे कळत होते.

१९९४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी १४२ ताऱ्यांचे वेध घ्यायला सुरुवात केली. ५१ पेगासीचे वेध त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून सुरू झाले. त्या हिवाळ्यात मायोर रजेवर हवाईला होते आणि वेधांचे काम केलोज एकट्याने पाहत होते. या ताऱ्याचा वेग दर वेळी निराळा येऊ लागला, तेव्हा केलोज यांना आधी आनंद झाला नाही, धास्ती वाटली. कारण यंत्रात किंवा स्वतः लिहिलेल्या संगणकप्रणालीत काही बिघडले असणार, असाच त्यांचा पहिला समज झाला. इतर तारे त्याच यंत्रातून स्थिर दिसत होते, म्हणजे दोष यंत्राचा नव्हता. अखेर ४.२ दिवसांचा कालावधी आकड्यांवर बसवून पाहिला आणि सगळे बिंदू एका सुबक वक्रावर येऊन बसले. मार्चमध्ये तारा सूर्याच्या बाजूला गेल्याने वेध थांबले. दोघांनी तोवर घाईने काही प्रसिद्ध करण्याऐवजी, जुलैमध्ये तारा पुन्हा दिसू लागेल तेव्हा कोणत्या रात्री त्याचा वेग किती असेल, याचे भाकीत मांडून ठेवले. जुलै १९९५ मधल्या त्या रात्रींना आकडे भाकिताप्रमाणे आले. त्यांचा शोधनिबंध ऑगस्टच्या अखेरीस ‘नेचर’कडे गेला आणि २३ नोव्हेंबरच्या अंकात छापून आला.

फ्लॉरेन्समधील घोषणेनंतर थोड्याच दिवसांत मार्सी आणि बटलर यांनी लिक वेधशाळेतून सलग चार रात्री ५१ पेगासीचे वेध घेतले आणि तोच वक्र त्यांनाही मिळाला. मग त्यांनी आपल्याकडच्या साठलेल्या वेधांची आकडेमोड धडाक्याने हाती घेतली, आणि जानेवारी १९९६ मध्ये आणखी दोन ताऱ्यांभोवतीचे ग्रह जाहीर केले. तरीही शंका संपल्या नाहीत. तारा डुलत नसून नुसता स्पंदत असेल, त्याचा पृष्ठभाग नियमाने फुगत-आटत असेल, तर त्यामुळेही रेषा सरकलेल्या दिसतील, असा आक्षेप होता. कॅनडाच्या डेव्हिड ग्रे यांनी १९९७ मध्ये या ताऱ्याच्या रेषांचा आकारही त्याच चार दिवसांच्या लयीत बदलतो असे दाखवणारा निबंध लिहिला, आणि ग्रहाची गरजच नाही असे म्हटले. पुढच्या वर्षी अधिक काटेकोर वेधांत असा बदल दिसला नाही, आणि ग्रे यांनी स्वतःच ते मान्य केले. उरलासुरला संशय १९९९ मध्ये मिटला. महाश्वातच असलेल्या एचडी २०९४५८ या ताऱ्याभोवती असाच साडेतीन दिवसांचा एक ग्रह फिरतो. तो ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने कमी होतो, हे दोन गटांनी स्वतंत्रपणे नोंदवले. प्रकाश किती अडला यावरून त्याचा आकार निघाला, आकार आणि वस्तुमान मिळून घनता निघाली, आणि ती पाण्याच्या निम्म्याहूनही कमी होती. म्हणजे तो नक्कीच फुगलेल्या वायूचा गोळा होता. ताऱ्याला खेटून फिरणारे महाकाय वायुग्रह खरोखर असतात, याविषयी त्यानंतर वाद राहिला नाही. त्यांना आता तप्त गुरू असे म्हणतात. मायोर आणि केलोज यांना २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

मग हा ग्रह आहे तरी कसा? त्याचे ताऱ्यापासूनचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या जेमतेम विसाव्या भागाइतके आहे. तिथून पाहिल्यास तो तारा, आपल्याला सूर्य दिसतो त्याच्या वीसपटींहून अधिक रुंद दिसेल, आणि पृथ्वीला सूर्याकडून जेवढी उष्णता मिळते त्याच्या सुमारे ५०० पट उष्णता या ग्रहाच्या प्रत्येक चौरस मीटरवर पडते. त्याचे तापमान १,००० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. एवढ्या भट्टीत तो वाफ होऊन उडून कसा जात नाही, हा प्रश्न शोध लागला तेव्हाही विचारला गेला होता. त्याचे उत्तर त्याच्या वजनात आहे. १,००० अंशांवर हायड्रोजनचे अणू सेकंदाला पाचसहा किलोमीटर वेगाने धावतात, पण पृथ्वीच्या दीडशे पट जड असलेल्या या ग्रहाच्या ओढीतून सुटायला त्याच्या कितीतरी पट वेग लागतो. त्यामुळे वरच्या थरातून थोडीफार गळती होत असली तरी ग्रह अब्जावधी वर्षे टिकून राहतो. ताऱ्याच्या भरती-ओहोटीच्या बलामुळे त्याची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार झाली आहे. त्याच बलामुळे चंद्राने पृथ्वीकडे धरावी तशी याने आपली एकच बाजू कायम ताऱ्याकडे धरलेली असणार. एका बाजूला अखंड दिवस, दुसऱ्या बाजूला अखंड रात्र, आणि या दोहोंमधल्या तापमानाच्या तफावतीमुळे दोन्हींमध्ये सुसाट वाहणारे वारे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१५ मध्ये त्याला डिमिडियम असे नाव दिले असले, तरी खगोलशास्त्रज्ञ त्याला आजही ५१ पेगासी बी असेच म्हणतात. याच जातीच्या दुसऱ्या एका ग्रहाचे नामकरण २०१९ मध्ये भारताच्या वाट्याला आले होते. त्याच्या ताऱ्याला विभा चौधुरी यांच्यावरून विभा हे नाव मिळाले आणि ग्रहाला संतमस. विश्वकिरणांवर काम करणाऱ्या या बंगाली शास्त्रज्ञ काही काळ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होत्या.

असा ग्रह तिथल्या तिथे जन्माला येणे बहुतेकांना अशक्य वाटते, कारण ताऱ्याच्या इतक्या निकट बर्फ टिकत नाही आणि मोठा ग्रह घडण्याइतका मालही नसतो. तेव्हा तो दूर कुठेतरी घडला आणि नंतर आत आला, असे मानावे लागते. आत येण्याचे दोन रस्ते सांगितले जातात. नवजात ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची एक विशाल तबकडी काही दशलक्ष वर्षे असते. तिच्यात घडलेला मोठा ग्रह तबकडीत लाटा उठवतो, त्या लाटा ग्रहाचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, काढून घेतात आणि ग्रह हळूहळू आत घसरतो. पीटर गोल्डरिच आणि स्कॉट ट्रीमेन यांनी १९८० मध्येच हे गणित मांडले होते. म्हणजे ५१ पेगासी बीचे स्पष्टीकरण त्याच्या शोधाच्या १५ वर्षे आधी ग्रंथालयात तयार होते, फक्त ते आपल्या कामाचे आहे हे ग्रह शोधणाऱ्यांना वाटले नव्हते. दुसरा रस्ता धसमुसळा आहे. दोन मोठे ग्रह एकमेकांच्या फार जवळ आले की एक बाहेर फेकला जातो आणि दुसरा लांबुळक्या कक्षेत जातो; मग ताऱ्याजवळून जाताना प्रत्येक फेरीत भरती-ओहोटीचे बल त्याची गती खाते आणि कक्षा आक्रसत गोल होते. काही तप्त गुरू ताऱ्याच्या फिरण्याच्या उलट दिशेने प्रदक्षिणा घालताना सापडले आहेत, आणि त्यांना हा दुसरा रस्ता अधिक जुळतो. दोन्ही रस्ते वापरात असावेत असे दिसते. तप्त गुरू मुळात दुर्मीळ आहेत. सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांमागे एखाद्याकडेच, किंवा त्याहूनही कमी. आज निश्चित झालेल्या बाह्यग्रहांची संख्या ६,००० च्या वर गेली आहे, आणि सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला सापडला तो या विरळ जातीतला, एवढ्याचसाठी की ताऱ्याला सर्वांत जोराने आणि सर्वांत लवकर डुलवणारा तोच असतो.

वेग मोजण्याच्या या पद्धतीत एक अंगभूत उणीव आहे. तारा आपल्या दृष्टिरेषेत किती पुढे-मागे होतो एवढेच तिला कळते. कक्षा आपल्याला किती तिरपी दिसते आहे हे कळत नाही. कक्षा फार तिरपी असेल तर ताऱ्याची बरीचशी हालचाल आडवी होते आणि मोजणीतून निसटते. म्हणून १९९५ मध्ये मिळालेले गुरूच्या ०.४७ पट हे वस्तुमान ‘किमान इतके’ अशा अर्थाचे होते. ही गाठ सुटायला जवळजवळ १८ वर्षे लागली. चिलीतील ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’च्या अवरक्त वर्णपटमापकाने २०१३ मध्ये ताऱ्याच्या प्रकाशात मिसळलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या अशा रेषा हुडकल्या की ज्या सेकंदाला सुमारे १३४ किलोमीटर वेगाने मागेपुढे होत होत्या. या रेषा ताऱ्याच्या असणे शक्य नव्हते. त्या ग्रहाच्याच होत्या. ग्रहाचा स्वतःचा वेग हाती आल्यावर कक्षेचा कल निघाला, आणि वस्तुमान गुरूच्या ०.४६ पट असे पक्के झाले. २०१७ मध्ये त्याच पद्धतीने त्याच्या वातावरणात पाण्याची वाफ सापडली.

त्याचा व्यास मात्र अजून मोजता आलेला नाही, कारण त्याची कक्षा तो ताऱ्यासमोरून जाईल अशी नाही आणि त्यामुळे तो ताऱ्याचा प्रकाश कधी अडवत नाही. २०१५ मध्ये एका गटाने ग्रहावरून परावर्तित झालेला दृश्य प्रकाश ताऱ्याच्या वर्णपटातून वेगळा काढल्याचे सांगितले होते, आणि त्यावरून तो फार चमकदार आणि गुरूच्या जवळजवळ दुप्पट रुंद असावा असा अंदाज केला होता. परंतु नंतर अधिक वेध घेऊन केलेल्या प्रयत्नांत हा प्रकाश सापडला नाही, आणि तो आधी वाटला त्याहून बराच काळपट असावा असे निष्पन्न झाले. चिलीत उभारल्या जात असलेल्या ३९ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला एवढा क्षीण प्रकाश पकडता यावा, अशी अपेक्षा आहे.